नवऱ्याची बदली न्यू जर्सीला, लेकीची बारावी टेक्सासात: इन-स्टेट फी हातची जाईल का?

चिवडा_नाशिक

नमस्कार मंडळी. लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय कोणी नीट सल्ला देऊ शकणार नाही, म्हणून लिहिते.

आम्ही फ्रिस्कोत राहतो, डॅलसच्या वरच्या अंगाला. शार्लटहून जुलै २०२२ मध्ये इकडे आलो तेव्हा लेक आठवीत जात होती. आता ती ज्युनियर (अकरावीत) आहे, मे २०२७ मध्ये ग्रॅज्युएट होईल. धाकटा पाचवीत. ग्रीन कार्ड चौघांचंही झालंय, त्यामुळे व्हिसाची भानगड नाही.

भानगड वेगळीच आहे. नवऱ्याच्या कंपनीने इथलं ऑफिस गुंडाळायचं ठरवलंय. ऑगस्टपर्यंत न्यू जर्सीच्या ऑफिसात रुजू व्हा, नाहीतर नारळ. सध्याच्या बाजारात नारळ घेण्याची आमची ऐपत नाही, म्हणजे जायचं हे ठरलेलंच.

लेक म्हणते, तुम्ही जा, मी शाळा सोडणार नाही. आधी मला वाटलं मैत्रिणी, ऑर्केस्ट्रा (व्हायोला वाजवते) वगैरे. पण तिने समोर रँकचा कागदच ठेवला. वर्गात ४८० मुलं, तिचा नंबर १९वा. ऑस्टिनला (तिथल्या टेक्सास युनिव्हर्सिटीला) आता पहिल्या पाच टक्क्यांना आपोआप प्रवेश आहे (आधी सहा टक्के होते). म्हणजे ४८०मधले पहिले २४. "आई, न्यू जर्सीत गेले की हा नंबर कुणाच्या उपयोगाचा?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आमच्याच सबडिव्हिजनमध्ये माझी मावसबहीण राहते, शाळाही तीच लागते. ती आनंदाने तयार आहे. राहण्याचा प्रश्न त्यामुळे मिटल्यासारखाच. प्रश्न फीचा आहे: राज्याच्या रहिवाशांना लागते ती कमी, इन-स्टेट फी तिला मिळेल का. आम्ही दोघं न्यू जर्सीत, टॅक्स तिकडे, लेक आमच्याच रिटर्नवर डिपेंडंट. उद्या ऑस्टिनवाले म्हणाले, तुझे आईबाप टेक्सासचे नाहीत, तू आउट-ऑफ-स्टेट, तर? ऑस्टिनला इथल्या मुलांची ट्यूशन वर्षाला बारा-तेरा हजार डॉलरच्या घरात आणि बाहेरच्यांची चाळीस हजारांच्या पुढे. चार वर्षांचा हिशोब तुम्हीच करा. आणि न्यू जर्सीवाले म्हणाले, ही तर बारावी टेक्सासात शिकली, ही आमची कशी? मग तेलही गेलं, तूपही गेलं.

मंडळाच्या गुढीपाडव्याला विषय काढला तर पंक्तीत प्रत्येकाकडे तोडगा तयार. एक म्हणाले तिला रिटर्नवरून काढून "इंडिपेंडंट" दाखवा. दुसरे म्हणाले एक स्टुडिओ अपार्टमेंट भाड्याने घ्या आणि नुसतं कुलूप लावून ठेवा. तिसऱ्या काकूंनी तर मला घटस्फोटाचा सल्ला दिला, कागदोपत्री. श्रीखंड वाढता वाढता!

कोणी खरंच यातून गेलंय का?

---

एडिसनवाला

ताई, या या, स्वागत आहे. न्यू जर्सीची बाजू मी सांगतो. इथे नियम बारा महिन्यांचा आहे. प्रवेशाच्या आधी वर्षभर राज्यात घर करून राहिलेल्याला इथला रहिवासी धरतात, आणि डिपेंडंट मुलाचं घर म्हणजे आईबापाचं घर. तुम्ही ऑगस्ट २०२६ मध्ये आलात तर सप्टेंबर २०२७ ला वर्ष उलटून गेलेलं असेल. म्हणजे रटगर्सचं (इथल्या सरकारी युनिव्हर्सिटीचं) दार तुम्हाला बंद नाही. तेल जाईल पण तूप राहील.

फक्त घर घेण्याआधी प्रॉपर्टी टॅक्सचं बिल बघा. ते बघितल्यावर ऑस्टिनची फी किरकोळ वाटायला लागते.

---

केटीकर

आम्ही गेलोय यातून, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ह्यूस्टनजवळ केटीत होतो, थोरला बारावीत आणि माझी बदली सिएटलला. तो इथेच मित्राच्या घरी राहिला.

ताई, आधी श्वास घ्या. तुमची केस टेक्सासच्या नियमात व्यवस्थित बसते. गोंधळ होतो कारण सगळे एकच वाट धरून बोलतात: आईबाप जिथे, मूल तिथलं. टेक्सासच्या एज्युकेशन कोडमध्ये (कलम ५४.०५२) रहिवासी ठरायच्या वाटा तीन आहेत. पहिली, विद्यार्थ्याने स्वतः वर्षभर आधी राज्यात घर केलं असेल. दुसरी, डिपेंडंट असेल आणि आईबापांपैकी एकाने तसं केलं असेल. मंडळातले सगळे या दुसऱ्या वाटेवरच अडकलेत. तिसरी वाट हायस्कूलची. मुलाने टेक्सासच्या शाळेतून ग्रॅज्युएशन केलं, त्याआधीची सलग तीन वर्षं तो टेक्सासात राहिला, आणि कॉलेजच्या त्या टर्मच्या सेन्सस डेटच्या आधीचं वर्षभरही टेक्सासात राहिला, तर तो टेक्सासचा. या वाटेवर आईबाप कुठे राहतात, टॅक्स कुठे भरतात, रिटर्नवर मूल कोणाचं, यातलं काहीही कोणी विचारत नाही.

तुमची लेक जुलै २०२२ पासून इथे आहे, मे २०२७ ला पास होणार. तीन वर्षांची अट ओलांडून पुढे गेलेली आहे. राहिली ती एक वर्षाची. सेन्सस डेट म्हणजे फॉल टर्मचा बारावा क्लास डे, साधारण सप्टेंबरचा पहिला पंधरवडा. म्हणजे सप्टेंबर २०२६ ते सप्टेंबर २०२७ तिचा मुक्काम टेक्सासात हवा. बारावी मावशीकडे काढली की त्यातले बरेच महिने आपोआप झाले. खरी मेख इथे आहे: ग्रॅज्युएशननंतरचा उन्हाळा. पोरं साहजिकच आईबापाकडे जातात. सुट्टीला जाऊन येणं म्हणजे मुक्काम हलवणं नव्हे, ते तात्पुरतं जाणं धरतात. पण तिथे जाऊन न्यू जर्सीचं ड्रायव्हिंग लायसन्स काढलं, तिथला पत्ता सगळीकडे दिला, तर ती नुसती सुट्टी राहत नाही. लायसन्स टेक्सासचंच ठेवा, बँकेचं स्टेटमेंट मावशीच्या पत्त्यावर येऊ द्या.

अर्ज करताना रहिवासाचे प्रश्न येतात, त्यांना कोअर रेसिडेन्सी क्वेश्चन्स म्हणतात. तिथे सुरुवातीलाच विचारतात: टेक्सासच्या हायस्कूलमधून ग्रॅज्युएट होणार का, त्याआधीचे ३६ महिने टेक्सासात होतात का, आणि टर्म सुरू होईल तेव्हा मागचे बारा महिने इथे राहून झालेले असतील का. तिन्हींना खरंखुरं "हो" आणि सिटिझन किंवा ग्रीन कार्ड असेल, तर आईबापांच्या नोकरीचे, घराचे प्रश्न गाळून थेट सहीवर जाता येतं. बरेच पालक पुढचे रकाने दिसले म्हणून तेही भरत बसतात आणि स्वतःच गुंता करून घेतात.

तरी आमच्याकडे काय झालं ते ऐका. थोरल्याचं पहिलं बिल आउट-ऑफ-स्टेटचं आलं. ज्या कॉलेजात गेला तिथल्या कचेरीत कुणीतरी आमचा वॉशिंग्टनचा पत्ता बघितला आणि पुढचं काही न वाचता शिक्का मारला. फोन केला की "पालक कुठे राहतात?" हाच प्रश्न, दर वेळी नवा माणूस. शेवटी ई-मेलवर शाळेचं ट्रान्सक्रिप्ट, ज्या मित्राकडे राहिला त्याच्या आईचं नोटराइज्ड पत्र आणि कलमाचा आकडा असं एकत्र पाठवलं. आठवड्याभरात बिल दुरुस्त. त्यामुळे फोनवर वाद घालू नका, लेखी पाठवा.

आणि एकदा रहिवासी ठरली की दर टर्मला परत सिद्ध करावं लागत नाही, सलग शिकत राहिली तर तोच दर्जा पुढे चालतो. मध्ये वर्षभर शिक्षण सोडलं तर मात्र परत कागद.

"इंडिपेंडंट दाखवा" हा सल्ला देणाऱ्यांना गोड बोलून टाळा. फेडरल मदतीच्या अर्जात इंडिपेंडंट व्हायला वयाची चोविशी, लग्न, सैन्य असल्या अटी असतात, त्याचा आणि राज्याच्या फीचा संबंध नाही. कुलूपबंद स्टुडिओचं भाडं भरण्यापेक्षा तेवढ्या पैशात पोरीची वर्षभराची विमानाची तिकिटं येतील. घटस्फोटाबद्दल मी काही बोलत नाही.

---

चिवडा_नाशिक

केटीकर दादा, डोळ्यांत पाणी आलं हो. तिसरी वाट आहे हे आजवर कोणी सांगितलंच नव्हतं. एक शंका. आम्ही दोघंही गेलो आणि ती अठराच्या आतच आहे (वाढदिवस फेब्रुवारीत), तर शाळा ठेवून घेईल ना?

---

केटीकर

घेईल, पण शाळेच्या डिस्ट्रिक्टच्या नोंदणी कचेरीत उन्हाळ्यातच जा, ऑगस्टची वाट बघू नका. आईबाप नसताना राहणाऱ्या मुलाला कोणा मोठ्या माणसाच्या ताब्यात दिल्याचा नोटराइज्ड कागद लागतो. तिला डॉक्टरकडे नेणं, शाळेच्या परवानग्यांवर सही करणं हे अधिकार त्यात मावशीला द्या. मावशीच्या घराचं वीज किंवा पाण्याचं बिलही लागेल. डिस्ट्रिक्टला मुख्यतः हेच बघायचं असतं की मूल खेळाच्या टीमसाठी पत्ता बदलून येत नाहीये. व्हायोला वाजवणाऱ्या मुलीवर असला संशय कोणी घेणार नाही.

दुसरा मार्ग म्हणजे तुम्ही मे पर्यंत इथे थांबा आणि साहेब पुढे जाऊ देत. आपल्याकडे निम्मी घरं तेच करतात. दुसरी वाटही शाबूत ठेवायची तर मात्र मे नाही, सप्टेंबर २०२७ च्या सेन्सस डेटपर्यंत थांबावं लागेल; तिथे एका पालकाचं घर टेक्सासात असलं तरी पुरतं. पण धाकट्याची शाळा आणि दोन घरांचा खर्च बघून ठरवा. फीसाठी म्हणून थांबायची गरज नाही.

---

व्हायोलाची_मैत्रीण

विषयांतर, पण रँकबद्दल. पाच टक्क्यांचा नियम ऑस्टिनमध्ये प्रवेश देतो, हव्या त्या मेजरमध्ये (मुख्य विषयात) नाही. कॉम्प्युटर सायन्स, बिझनेस यांना वेगळी चाळणी आहे. आमच्या शेजारची मुलगी रँकवर आत गेली आणि पहिल्या पसंतीचं मेजर मिळालं नाही म्हणून डॅलसच्या कॉलेजला गेली. आता मजेत आहे. अर्जात दुसरी पसंती नीट विचार करून लिहा, रकाना भरायचा म्हणून लिहू नका.

---

अटलांटा_आप्पा

इतर राज्यांतले लोकही हा धागा वाचतील म्हणून जॉर्जियाचं सांगतो. आमच्याकडे हायस्कूलची वाट नाही, पण मूल एकदा इन-स्टेट म्हणून सरकारी कॉलेजात लागलं आणि मग आईबाप राज्याबाहेर गेले, तर सलग शिकतंय तोवर त्याचा इन-स्टेट दर्जा जात नाही. मी स्वतः मुलगी जॉर्जिया टेकला दुसऱ्या वर्षात असताना टँपाला हललो. एक डॉलरही वाढला नाही. ज्यांची बदली पुढेमागे होऊ शकते त्यांनी पोरगं आधी लावून मग हलावं, एवढी गोष्ट मालकाशी बोलून जमवता येते. माझ्या मॅनेजरने एक टर्म थांबू दिलं.

---

मिशिगनची_थंडी

अ‍ॅन आर्बरचं (मिशिगन युनिव्हर्सिटीचं) अजून वेगळं. आईबाप जाण्याआधी मुलाने अकरावी पूर्ण केलेली पाहिजे, आणि बारावी मिशिगनमध्येच राहून फुल-टाइम करायची, मध्ये दुसऱ्या राज्यात बस्तान बसवायचं नाही. तर ते मूल मिशिगनचंच धरतात. म्हणजे जूनमध्ये हललात तर चाललं, फेब्रुवारीत हललात तर पंचाईत. आमच्या ओळखीत एकांनी नव्या कंपनीला "जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रुजू होतो" असं कळवलं, कारण विचारल्यावर सरळ हेच सांगितलं. तिकडचा मॅनेजरही दोन पोरांचा बाप निघाला.

---

सनीवेलकर

कॅलिफोर्नियात मात्र कडक. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला चोविशीच्या आतला विद्यार्थी असेल आणि आईबाप कॅलिफोर्नियाचे नसतील, तर तो स्वतःच्या पैशावर जगतो हे सिद्ध करायला लावतात, आणि ते अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला जवळपास अशक्य. बाहेरच्यांना नेहमीच्या फीवर जादा आकारणी लागते, ती २०२५-२६ मध्ये नव्या मुलांना ३७,००० डॉलरच्या वर गेलीय.

पण सुटकेच्या दोन जागा आहेत. एक, मूल अठराच्या आत असताना आईबाप गेले आणि मूल मागे राहून सलग शिकत राहिलं, तर त्याला रहिवासी धरत राहतात, स्वतः अठरा होऊन स्वतःचा रहिवास पूर्ण करेपर्यंत. एज्युकेशन कोड ६८०७०. दुसरी, एबी ५४०: कॅलिफोर्नियात तीन वर्षं हायस्कूल आणि तिथूनच ग्रॅज्युएशन, तर जादा आकारणी माफ. हे रहिवासी ठरवणं नव्हे, नुसती माफी, पण बिलावर दोन्ही सारखंच दिसतं.

---

एच४_आई

आमचं अजून एच-४ (एच-१बी वाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) आहे, ऑस्टिनजवळ राउंड रॉकला. २०२५ च्या जूनमध्ये टेक्सासचा जुना कायदा कोर्टाने उडवला असं वाचलं. मग तिसरी वाट आम्हाला बंद का?

---

केटीकर

नाही. तो आदेश इमिग्रेशनच्या दृष्टीने इथे कायदेशीर हजर नसलेल्या मुलांपुरता आहे. २००१ च्या कायद्याने त्या मुलांना हीच तिसरी वाट दिली होती, ती त्यांच्यासाठी काढून घेतली. एच-४ म्हणजे कायदेशीर हजेरी. पण त्या आदेशानंतर कचेऱ्या स्टेटसचे कागद जास्त बारकाईने बघतात, त्यामुळे आय-७९७ (मंजुरीचा कागद) आणि आय-९४ (देशात आल्याची नोंद) यांच्या प्रती तयार ठेवा.

तुमच्यासाठी दुसरीही वाट आहे. एच-१बी आणि एच-४ वाल्यांना टेक्सासात घर करून रहिवासी होता येतं. तुमची खरी काळजी मुलाला एकवीस पूर्ण होणं, तेव्हा एच-४ संपतं. ते कॉलेजात असतानाच होईल आणि एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) करावं लागेल. कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसला पहिल्याच टर्ममध्ये विचारून ठेवा, वेळ आल्यावर नाही.

---

एडिसनवाला

ताई, अजून एक गंमत सांगतो. समजा लेकीने ऑस्टिनलाही अर्ज केला आणि रटगर्सलाही, तर तुम्ही एकीकडे सांगणार ती टेक्सासची आणि दुसरीकडे न्यू जर्सीची. खोटं दोन्हीकडे नाही, कारण टेक्सास तिचा मुक्काम विचारतं आणि न्यू जर्सी तुमचं घर. पण सह्या करण्याआधी दोन्ही अर्ज शेजारी ठेवून वाचा. पत्ता कुठला "मेलिंग" आणि कुठला "पर्मनंट" हे गडबडीत उलटसुलट होतं.

---

केटीकर

पटलं. आणि एक राहिलंच. सगळंच फसलं तरी टेक्सासात आणखी एक फट आहे: बाहेरच्या विद्यार्थ्याला कॉलेजने स्पर्धेतून किमान १००० डॉलरची स्कॉलरशिप दिली तर त्याला इन-स्टेट दर लावता येतो. ऑस्टिनला हे दुर्मीळ, तिच्यावर भिस्त ठेवू नका. डॅलसकडच्या कॉलेजांत मात्र मी बघितलंय.

---

चिवडा_नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार. काय ठरलं ते लिहिते, मागून येणाऱ्याला उपयोग होईल.

लेक मावशीकडे राहणार. मी आणि धाकटा जुलैअखेर नवऱ्याबरोबर जाणार. मे पर्यंत थांबायचा मोह होता, पण दोन भाडी आणि दोन गाड्यांचा हिशोब मांडल्यावर तो मावळला. आज शाळेच्या काउन्सेलरकडे जाऊन आलो. रँकचं काय, विचारल्यावर बाई म्हणाल्या, शाळा बदलत नाही तोवर नंबर तिचा तिच्याकडे. डिस्ट्रिक्टचा ताब्याचा फॉर्म त्यांनीच छापून दिला. मावसबहिणीच्या नावाचं स्पेलिंग लायसन्सवर एक आणि वीजबिलावर दुसरं निघालं, ते आधी सरळ करायला तिला पळवलंय.

केटीकर दादांच्या सांगण्याप्रमाणे एक फोल्डर केलाय. चौथीपासूनची शाळेची कागदं होतीच, त्यात आठवीपासूनची वेगळी काढली, लीजच्या प्रती, तिचा टेक्सासचा लर्नर परमिट. व्हायोलाच्या रेंटल पावत्याही टाकल्यात, तारखा आणि पत्ता दोन्ही आहेत त्यांच्यावर.

राहिल्या सासूबाई. "तरण्याताठ्या पोरीला परक्या घरी ठेवणार?" असं चाललंय रोज फोनवर. मावशीचं घर परकं कसं, हे नवऱ्याने समजवायचं ठरलंय, कारण मी समजावलं की वेगळाच अर्थ निघतो. एडिसनवाले दादा, पाचवीतल्या मुलासाठी तिकडे शाळा बघायची तर कुठला भाग बघू? वेगळा धागा काढू का?

---

एडिसनवाला

काढा. शीर्षकात प्रॉपर्टी टॅक्स लिहा, शंभर प्रतिसाद नक्की.